बिल्ला नंबर ४१७

जावा शिकतोय म्हटल्यावर ही हसली.
"मला दोन आहेत जावा. चोवीस वर्षं झाली,
अजून एकीचाही थांग लागला नाही."
माझ्या डोक्यात मात्र मोटारसायकल,
नाशिक फाट्यावर किक मारून मारून घामेजलेली.

क्लास नारायण पेठेत, रसवंतीच्या वर.
जिना इतका अरुंद, की उतरणाऱ्यानं आधी हाक द्यायची.
बाकी सगळी विशीतली. मी एक्कावन्नचा,
भोसरीच्या टूलरूममधून व्हीआरएस घेऊन आलेला.
शिकवणारी जुई तांबोळी, माझ्या धाकटीच्या वयाची.
फळ्यावर लिहिते : क्लास.
मागून कुणीतरी, "मॅडम, त्यातच तर बसलोय."
ती हसत नाही. दर बॅचला होत असणार हा विनोद.

"क्लास म्हणजे नुसता आराखडा. त्यातून वस्तू घडवायच्या."
मी वहीत लिहिलं : ड्रॉइंग. त्याखाली : जॉब.
एका ड्रॉइंगवर चाळीस हजार बुश काढलेत आम्ही,
माप सगळ्यांचं तेच,
एखादा मायक्रॉन ज्याचा त्याचा.

प्रायव्हेट आलं तेव्हा पोरं अडली :
आपल्याच आकड्याला हात का लावायचा नाही?
मला टूल क्रिबची खिडकी दिसली.
जाळीमागे पिंपळे. आत मॅनेजरलाही मज्जाव.
पितळी बिल्ला सरकवायचा, बाराचा रीमर मागायचा,
कुठल्या खणातून काढला ते विचारायचं नाही.
"काका, हे पुढच्या बॅचला सांगू?"
सांग.

वारसा या धड्याला मी गैरहजर.
तलाठ्याकडे वारसनोंदीची तारीख होती.

हत्यारं इथेही आहेत, हाताला तेल लागत नाही इतकंच.
अर्धा शब्द टाइप केला की उरलेला पुढे येतो,
हेल्पर मारुती न सांगता सतराचा पाना द्यायचा तसा.
तो कधी चौदाचा द्यायचा. हाही देतो.
बिल्ड लावलं की जुन्या लॅपटॉपचा पंखा घरघरतो,
मी खाली जाऊन उसाचा रस पिऊन येतो,
तोवर पडद्यात एक खोटा फोन उगवलेला,
बॅटरी कायम भरलेली.

ब्रेकपॉइंट आवडला.
लेथवर, टूल कापात असताना मशीन थांबलं
तर जॉबवर ओरखडा, आणि शिफ्टभर बोलणी.
इथे चालतं काम जागच्या जागी उभं करायचं,
या क्षणी कुणात किती आहे ते डोकावून पाहायचं,
आणि सोडून द्यायचं.
एकदा असं थांबवून रात्री दोनपर्यंत बसलो.
निमित्त कोडचंच होतं.

मग इरफान मुजावरच्या वर्कशॉपसाठी ॲप :
तेरा माणसं, कोणी कुठलं हत्यार नेलं.
काउंटरच्या संगणकावर तेच, खिशातल्या मोबाईलवर तेच.
चाचणीला पहिला कामगार म्हणून मीच मला घातला.
चालवलं.
पडद्यावर आलं : कामगार,
पुढे ते ईमेलमधलं वेटोळं,
पुढे आठ अक्षरा-आकड्यांचा शिक्का.

"नाव सांगायला शिकवलंच नाही त्याला," जुई म्हणाली.
"नाही शिकवलं, की तो एवढंच सांगतो."

एकोणतीस वर्षं मी गेटवर चारशे सतरा होतो.
पगाराच्या पाकिटावर, कँटीनच्या कुपनावर.
पिंपळे रिटायर झाला त्या दिवशी गळ्यात पडला,
"येतो रे, चारशे सतरा."
वाईट वाटलं नव्हतं तेव्हा.
बिल्ला जाताना परत द्यायचा असतो.
हरवला म्हणालो, तीस रुपये भरले.

तीन ओळींची मेथड.
विचारल्यावर काय उत्तर द्यायचं, तेवढंच त्यात.
सोपान लिहिलं. लांडगे लिहिलं.
थांबलो.
मग नंबरही जोडला, कंसात.

रात्री हिला फोनवर दाखवलं.
चष्मा कपाळावर चढवून, फोन लांब धरून ती म्हणाली,
"तुमचं नाव एवढं बारीक का आलंय?"
अक्षर मोठं करता येतं.
ते सोमवारी आहे.